सवलतीला कुलूप कशाला?

किराण्यावरची कूपनं गोळा करणाऱ्या माणसाची थट्टा फार सहज केली जाते. रांगेत पुढचा माणूस कात्रणांचा गठ्ठा बाहेर काढतो किंवा फोनवर एकामागून एक कोड दाखवत राहतो, मागचे चुळबुळ करतात, आणि चिकट, कंजूष, रिकामटेकडा अशी विशेषणं मनातल्या मनात लागून जातात. मला ही थट्टा पटत नाही. त्याने कुणाचा खिसा कापलेला नाही. उत्पादकाने आणि दुकानाने जाहिरात करून देऊ केलेली सवलत तो घेतो आहे. बोल लावायचाच असेल तर सवलत देणाऱ्याला लावावा. वस्तू कमी पैशांत विकणं त्याला परवडत होतं, तर तीच किंमत त्याने फळीवर का लिहिली नाही? गिऱ्हाइकाला आधी शोधाशोध का करायला लावली?

रोजच्या गरजेच्या वस्तूंवर जी सवलत जाहीर होते, ती गल्ल्यावर येणाऱ्या प्रत्येकाला न मागता मिळाली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. ऐकायला हे साधं वाटतं. प्रत्यक्षात ते कूपनांच्या सव्वाशे वर्षांच्या धंद्याच्या मुळावर येणारं आहे, कारण कूपन कंपनीला परवडतं तेच मुळी बहुतेक लोक ते वापरत नाहीत म्हणून.

सुरुवात तशी निरुपद्रवी होती. १८८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत एसा कँडलर यांच्या कोका-कोलाने एक ग्लास फुकट देणारी तिकिटं वाटली. पेय नवं होतं, लोकांनी एकदा चाखून बघावं, एवढाच हेतू. काही वर्षांनी सी. डब्ल्यू. पोस्ट यांनी आपल्या न्याहारीच्या पदार्थावर एका सेंटाची सूट देणारं कूपन काढलं. नव्या मालाची ओळख करून द्यायला असं काही करणं गैर नाही. पण मग १९३० च्या दशकातली महामंदी आली, घराघरांत पै-पैचा हिशेब सुरू झाला, आणि वर्तमानपत्रातून कूपनं कापून ठेवणं हा घर चालवण्याचाच भाग होऊन बसला. ओळख करून देण्यापुरती आलेली गोष्ट मुक्कामालाच राहिली.

तिच्याभोवती एक मोठी यंत्रणाही उभी राहिली. दुकानदाराकडे जमलेली कागदी कूपनं छाननी केंद्राकडे जातात. तिथे ती उत्पादकांप्रमाणे वेगळी होतात, मोजली जातात, खोटी असली तर बाजूला पडतात. मग उत्पादक दुकानदाराला कूपनाची रक्कम चुकती करतो आणि वर हाताळणीचे चार पैसे देतो. छपाई, वाटप, वाहतूक, मोजणी, तपासणी. हा सगळा खर्च शेवटी मालाच्याच किमतीत मिसळतो, आणि तो कूपन न वापरणाराही भरतो.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा किंमतच का उतरवत नाहीत, याचं उत्तर अर्थशास्त्रात बरंच आधी दिलेलं आहे. चक्रवर्ती नरसिंहन यांनी १९८४ मध्ये ते नीट मांडलं. विक्रेत्याला दोन प्रकारच्या गिऱ्हाइकांना दोन भाव लावायचे असतात. ज्याला किमतीने फरक पडतो त्याला कमी, ज्याला पडत नाही त्याला जास्त. पण कोण कुठला हे कपाळावर लिहिलेलं नसतं. म्हणून मध्ये थोडी मेहनत ठेवायची. जो ती करील त्याला किमतीची पर्वा आहे असं समजायचं. कूपन म्हणजे गिऱ्हाइकांची चाळणी, आणि तिची भोकं विक्रेत्याने आपल्या सोयीने पाडलेली असतात.

साधं उदाहरण घेऊ. वस्तूची किंमत १०० आहे, कूपन २० चं आहे, आणि घेणाऱ्या दहांपैकी एकजण ते वापरतो. दुकानाला दहा वस्तूंचे ९८० मिळतात, म्हणजे सरासरी ९८. हीच रक्कम सगळ्यांना ९८ चा भाव लावूनही मिळाली असती. (मागणी कमी-जास्त होते वगैरे बारकावे तूर्त बाजूला ठेवू.) कूपनवाल्याला ९८ ऐवजी ८० द्यावे लागले, त्याचे १८ वाचले. बाकीच्या नऊजणांनी प्रत्येकी दोन जास्त दिले. नऊ दुणे अठरा. कूपनवाल्याचे वाचलेले पैसे आले ते इथून. उत्पादकाच्या औदार्याचा यात फारसा संबंध नाही.

या व्यवस्थेचं समर्थन करणारे इथे एक मुद्दा आणतात, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, असं झालं तर चांगलंच आहे. ज्याच्याकडे पैसा कमी त्याच्याकडे वेळ जास्त, तो कूपनं शोधील आणि स्वस्तात माल नेईल. ज्याच्याकडे पैसा आहे तो शोधायच्या भानगडीत न पडता पूर्ण किंमत देईल. म्हणजे श्रीमंत आपोआप गरिबाचा भार उचलतो, आणि त्यासाठी सरकारला काही करावंही लागत नाही.

मला यातलं पहिलंच वाक्य खटकतं. गरिबाकडे वेळ जास्त असतो, हे कुणी ठरवलं? दोन ठिकाणी कामं करणारी, घरी आल्यावर स्वयंपाक, धुणी आणि आजारी माणसाचं बघणारी बाई रात्री अकरा वाजता कुठल्या वस्तूवर कुठलं कूपन चालतं ते शोधत बसेल, ही कल्पना ज्याला सुचते त्याने अशी रात्र काढलेली नसावी. शिवाय कूपनातून खरी बचत करायला नुसता वेळ पुरत नाही. ज्यांना हे जमतं त्यांची पद्धत बघा. ते भाव पडला की दोन-तीन महिन्यांचा साठा एकदम करतात. त्याला हातात आगाऊ रोकड लागते, घरात जागा लागते. दुकानाचं कूपन आणि उत्पादकाचं कूपन एकाच वस्तूवर लावून दुहेरी सूट मिळवायला बारीक अक्षरातल्या अटी वाचून समजाव्या लागतात. दोन दुकानांत फिरायला वाहन लागतं. दिवसाचं सामान दिवसाला घेणाऱ्याला यातलं काहीच शक्य नसतं. चाळणीतून अलगद खाली उतरतो तो शिकलेला, घर लावून बसलेला, वेळेची थोडी सवड असलेला मध्यमवर्गीय. सगळ्यात गरजू माणूस वरच अडकतो आणि पूर्ण किंमत भरतो, वर त्या मध्यमवर्गीयाच्या सवलतीतला आपला वाटाही देतो.

तरीही कागदाच्या काळात विक्रेत्याकडे एक सबब होती. सवलत लोकांपर्यंत पोचवायची तर ती कशावर तरी छापावी लागे, आणि छापलेलं कापून आणावं लागे. मेहनत काही अंशी त्या माध्यमातच होती.

आता ती सबबही उरलेली नाही. हल्ली दुकानाचं ॲप असतं, त्यात त्या आठवड्याच्या सवलतींची यादी असते, आणि प्रत्येक सवलतीपुढे एक बटण असतं. खरेदीआधी ते दाबून ठेवलं तरच गल्ल्यावर सूट मिळते. विसरलात तर नाही. आता विचार करा. गल्ल्यावर तुम्ही सभासद क्रमांक सांगितलात, वस्तू स्कॅन झाली. तुम्ही कोण, वस्तू कुठली, तिच्यावर सवलत किती, हे तिन्ही त्या यंत्राला त्या क्षणी ठाऊक आहे. मग आधी बटण दाबलं होतं की नाही, हे विचारायची गरज काय? तांत्रिक कारण काहीही नाही. सूट आपोआप वजा करणं हे उलट सोपं काम आहे. बटणासाठी मुद्दाम वेगळी व्यवस्था लिहावी लागते. ती लिहिली जाते, कारण काही लोक दाबायचं विसरणार, काहींना ते सापडणार नाही, आणि काहींकडे तसा फोनच नसणार. पूर्वी कागदाला कात्री लागायची म्हणून माणूस गळायचा. आता तो गळावा म्हणून कात्री घडवली जाते.

माझा मुख्य आक्षेप हाच आहे. ज्या मेहनतीतून काहीच निपजत नाही, जी फक्त माणसं गाळण्यासाठी ठेवलेली असते, ती अन्नाच्या किमतीला जोडू नये. चैनीच्या वस्तूंवर काय वाटेल ते करा. सुगंधी मेणबत्ती कुणाला किती महाग पडली याची चिंता समाजाने करायचं कारण नाही.

फोनच नसणाऱ्यांचा प्रश्न काही ठिकाणी सार्वजनिक चर्चेत आलाही आहे. अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहराने २०२५ मध्ये नियम केला की किराणा दुकानाने केवळ डिजिटल सवलत ठेवू नये, मागणाऱ्याला तीच सवलत कागदावरही द्यावी. पाऊल चांगलं आहे, पण अर्ध्यावर थांबलेलं. म्हाताऱ्या माणसाने आता काउंटरवर जाऊन कागद मागायचा. म्हणजे अडथळा हटवला नाही, त्याच्या शेजारी दुसरा जरा ठेंगणा अडथळा बांधला. सरळ सूटच द्या ना.

ॲपमधून मिळणाऱ्या सवलतीची आणखी एक किंमत असते, ती म्हणजे तुमच्या खरेदीचा इतिहास. ब्रिटनमध्ये टेस्को या किराणा साखळीने १९९५ मध्ये क्लबकार्ड हे ग्राहकनिष्ठेचं (लॉयल्टी) कार्ड आणलं तेव्हापासून किराण्याच्या धंद्यात ही माहिती सोन्याच्या मोलाची झाली. त्याआधी, १९८३ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या कॅटलिना या कंपनीने वेगळीच युक्ती काढली होती. तुम्ही एका कंपनीचा माल घेतलात की बिलाबरोबर तिच्या प्रतिस्पर्ध्याचं कूपन छापून हातात पडायचं. ही युक्ती उलटी करून बघितली की एक गंमत कळते. सूट द्यायची ती डळमळणाऱ्या गिऱ्हाइकाला. जो काहीही झालं तरी तीच वस्तू घेणार आहे, त्याला सवलत देणं हा विक्रेत्याच्या दृष्टीने वाया गेलेला पैसा. खरेदीचा इतिहास जितका तपशीलवार, तितकं हे ओळखणं सोपं. कार्डाला नाव निष्ठेचं आणि गणित मात्र निष्ठावंताला शेवटी बसवणारं, असं होऊ शकतं.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. सभासदांना स्वस्त दाखवता यावं म्हणून दुकानं आधी मूळ किंमत फुगवतात, असा संशय अनेकांना येतो. ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने हे तपासलं. नोव्हेंबर २०२४ च्या अहवालात सुमारे ५०,००० वस्तूंच्या सभासद-सवलती पाहून त्यांनी सांगितलं की ९२ टक्के वस्तूंवरची बचत नेहमीच्या किमतीशी ताडून पाहता खरी होती. म्हणजे सरसकट फसवणूक चालते, असं म्हणणं चुकीचं ठरेल. पण माझा मुद्दा फसवणुकीचा नाहीच. सवलत खरी आहे. म्हणूनच ती कुणाला मिळते आणि कुणाला नाही, हा प्रश्न महत्त्वाचा होतो.

कूपनं कशावर निघतात, तेही बघण्यासारखं आहे. कूपन काढायला मागे ब्रँड लागतो, जाहिरातीचा पैसा लागतो, नफ्याला जागा लागते. सुट्या भाजीला ब्रँड नसतो. त्यामुळे सवलतींचा ओघ पाकिटबंद मालाकडे वळतो. अमेरिकेतल्या सहा मोठ्या किराणा साखळ्यांच्या ऑनलाइन कूपनांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात प्रक्रिया केलेलं चटकमटक खाणं आणि गोडधोड यांचा वाटा सुमारे २५ टक्के, भाज्यांचा ३ टक्के आणि फळांचा एका टक्क्याहूनही कमी निघाला. आधी सवलतींची यादी बघून मग काय घ्यायचं ते ठरवणाऱ्या घराचं ताट हळूहळू कुठल्या बाजूला झुकेल, हे सांगायला आहारतज्ज्ञ नको.

मग कूपनांवर बंदीच घालावी का? तसे प्रयोग झालेले आहेत, त्यांचं काय झालं ते बघू. प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीने १९९६ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात बफेलो, रॉचेस्टर आणि सिरॅक्यूज या शहरांच्या परिसरात कूपनं देणं थांबवलं. शंभरातली अठ्ठ्याण्णव कूपनं वाया जातात, त्यापेक्षा किमतीच उतरवतो, असं कंपनीचं म्हणणं होतं. माझ्या मांडणीप्रमाणे लोकांनी आनंदित व्हायला हवं होतं. ते चिडले. सह्यांच्या मोहिमा झाल्या, निदर्शनं झाली. इतर उत्पादकांनीही तिथली कूपनं आखडती घेतल्याने कंपन्यांनी संगनमत केल्याचा संशय राज्याच्या महाधिवक्त्यांना आला, आणि १९९७ मध्ये प्रयोग गुंडाळावा लागला. शेवटी तडजोड झाली, कंपन्यांनी ग्राहकांना भरपाई द्यायचं ठरलं, आणि ती भरपाई दिली गेली ती कूपनांच्याच रूपात! यावर कुणी प्रहसन लिहायचं राहून गेलं.

कपड्यांच्या दुकानातही हेच घडलं. जेसी पेनी या अमेरिकी साखळीने २०१२ मध्ये कूपनं आणि सततचे सेल बंद करून रोज एकच रास्त भाव ठेवला. त्या वर्षात विक्री सुमारे एक चतुर्थांश घटली, आणि एप्रिल २०१३ मध्ये तो निर्णय घेणारे प्रमुख रॉन जॉन्सन यांना जावं लागलं.

यावरून लोकांना फसवून घ्यायलाच आवडतं, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. मला तो उर्मट वाटतो. सवलत मिळवण्यात जिंकल्याचं सुख असतं, हे खरंच आहे. पण न्यूयॉर्कमधल्या माणसांचा राग समजण्यासारखा होता. हातातलं कूपन गेलेलं त्यांना दिसत होतं. त्याच्या बदल्यात किंमत उतरली आहे आणि उतरलेलीच राहणार आहे, याची हमी कोण देणार होतं? कंपनीच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. आवळा देऊन कोहळा काढणाऱ्यांच्या बाबतीत लोकांनी एवढी सावधगिरी बाळगली तर तिला मूर्खपणा कसं म्हणायचं?

उलट दिशेचं उदाहरण जर्मनीत सापडतं. तिथे १९३३ ते २००१ या काळात सवलतींवर कायद्याची मर्यादा होती. रोखीने घेणाऱ्या सामान्य ग्राहकाला तीन टक्क्यांहून जास्त सूट देता येत नसे. दुकानं या तीन टक्क्यांची तिकिटं देत, ती वहीत चिकटवायची आणि वही भरली की पैसे परत घ्यायचे. आल्डी या किराणा साखळीच्या आल्ब्रेख्त बंधूंनी या भानगडीत न पडता किंमतच आधी तेवढी उतरवून लावली. वही नाही, डिंक नाही, विसरणं नाही. पुढे हे दुकान किती देशांत पसरलं, ते सर्वांना ठाऊक आहे. कायदा जुनाट होता आणि तो गेला हे बरंच झालं, मी तो परत मागत नाही. पण सगळ्यांना एकच कमी भाव लावून धंदा बुडतो, हे जेसी पेनीवरून सिद्ध होत असेल, तर आल्डीवरून नेमकं उलटं सिद्ध होतं.

म्हणून बंदी नको, नियम हवा, आणि तो फक्त अन्न, साबण, औषधी वस्तू अशा गरजेच्या मालापुरता. दुकानाने किंवा उत्पादकाने सवलत जाहीर केली की ती मुदतीत गल्ल्यावर आपोआप वजा झाली पाहिजे. सभासद असो वा नसो, बटण दाबलेलं असो वा नसो. नव्या मालाची ओळख म्हणून एकदाच फुकट द्यायचं असेल तर खुशाल द्यावं, कँडलर यांनी केलं तसं. शिवाय फळीवर वजनाच्या किंवा मापाच्या हिशेबाने भाव लिहिलेला असावा, सवलतीआधीचा आणि नंतरचा दोन्ही. युरोपीय संघाने एकक किमतीचा दंडक १९९८ मध्येच घातला आहे, तेव्हा हे काही आभाळातून आणायचं नाही. मोठं पाकीट आणि कूपन मिळूनही छोट्या पाकिटापेक्षा महाग पडतं, असे प्रकार एका नजरेत उघडे पडतील.

असा नियम येईपर्यंत कूपनं गोळा करणाऱ्यांनी ती बेलाशक करावीत. फक्त आधी घराची यादी करावी आणि मग तिच्यातल्या वस्तूंवर कूपन आहे का ते शोधावं. हा क्रम उलटला की बचत संपली आणि खरेदी सुरू झाली. कूपन लावल्यावरही शेजारच्या बिननावाच्या पाकिटाचा किलोचा भाव बघावा. बऱ्याचदा ते तसंच स्वस्त असतं. आणि शोधण्यात जाणाऱ्या तासाची काहीतरी किंमत धरावी. कुणाला त्यात मौज वाटत असेल तर शून्य धरली तरी चालेल, तो त्याचा प्रश्न.

माझ्या नियमाने ज्याचं नुकसान होईल तो माणूस हाच आहे, हे मी लपवत नाही. वरच्या हिशेबात तो ८० देत होता, आता ९८ देईल. वर्षानुवर्षं मेहनत करून कमावलेलं कसब एका नियमाने निरुपयोगी होईल. त्यातल्या काही घरांना ही बचत खरोखर लागते. त्यांच्यासाठी थेट मदतीची सोय करावी लागेल, आणि ती सार्वजनिक पैशातूनच व्हावी. आज ती बाकीच्या नऊजणांकडून, त्यांना न विचारता वसूल होते आहे, आणि त्या नऊजणांत कूपन शोधायलाही वेळ नसलेली घरं आहेत.